दुसऱ्याच्या झेंड्याची बस

माझं माहेर नेरडीगोंड्याकडचं, भाऊ. माय-बाप लोकाच्या वावरात मजुरीले. फिरणं काय असते हे आमाले ठाऊकच नव्हतं. मोठ्या रस्त्याच्या काठाले कापूस वेचता वेचता नागपूर-हैदराबादच्या गाड्या पाहाव्या, खिडकीतले तोंडं पाहावे, हे कुठं चालले असतील असं मनात आणावं, तेवढंच. मंग लगन झालं आन् इकडे पेनगंगेच्या काठाले आली. आमचे हे शाळेत अटेंडर होते, म्हणजे शिपाई. माणूस देवमाणूस, त्यात काही कमी नाही.

पण राजकारणाचा लय नाद. पेपर मोठ्यानं वाचत, दिल्लीत काही झालं की आमच्या भाकरी थंड होत. एका पक्षाचं तर नाव निघालं तरी ताटावरून उठत. म्हणत, ज्याच्या गाडीत बसलं त्याचे आपण झालो. घटनेनं मत दिलं थे का दुसऱ्याच्या सभेत गर्दी कराले? खरंच होतं त्यायचं, मी कुठं नाही म्हणते.

मी कमी बोलणारी बाई. हे कोणालेच सांगतलं नव्हतं, तुमी लिहून राह्यले तर लिहा.

शेजारची सुशीला त्याच पक्षासाठी बाया जमा करे. हैदराबादले सभा हाय म्हणे, येतं काय, साडी भेटते. मी म्हणलं, साडी नको, मले खिडकी दे. थे हासली, व माय, नेता नाही पाह्यचा काय तुले? म्हणलं, तो टीव्हीत दिसतेच. घरी सांगतलं बहिणीकडे चालली. हे म्हणे जाय, तिले माझा जयभीम सांगजो. काय सांगू तुमाले, बहिणीच्या गावावरूनच बस गेली आन् मी तोंडावर पदर घेऊन बसली.

पण घाट लागला तसा पदर सुटला. खाली सागाचं रान, वळणावर वळण. गोदावरी आली तवा साऱ्या बाया एका अंगाले धावल्या, ड्रायव्हर तेलुगूत ओरडे, अम्मा, कूर्चोंडी, बसा व बायांनो, गाडी उलटते! मी जिंदगीत एवढी हासली नव्हती. सभेत मांडवाच्या मागच्या अंगाले शेंगा सोलत बसलो. संध्याकाळी सभा सुटली आन् बस तळ्याच्या काठाले गर्दीत अडकली, आन् पाहातो तं पाण्याच्या मधात बुद्ध उभा. एका दगडाचा, एवढा मोठा, मागं आभाळ लाल. हात आपोआप जोडले. आन् पहिलं मनात आलं थे हेच, का आमचे हे असते तं! त्याचंच चित्र यायनं क्यालेंडरातून कापून भिंतीले लावलं होतं.

घरी आली. बहीण कशी हाय? बरी हाय. झालं. रोज त्या चित्राखाली झाडू मारू आन् ओठावर आलेलं गिळू. खोटं बोलली याचं दुःख होतंच, पण त्याच्यापेक्षा मोठं हे, की ज्याले सांगून जीव भरला असता त्यालेच सांगता येत नव्हतं. असे किती वर्षं गेले.

मंग एका हिवाळ्यात हे म्हणे, नोकरी संपली, चाल तुले एक चीज दाखवतो. रेल्वेनं हैदराबादले नेलं, त्याच तळ्यावर. बोटीत बसलो तसे म्हणे, डोळे मिट, मी सांगीन तवा उघड. मिटले. आन् मिटल्या डोळ्याचं पाणी थांबेच ना. उघड म्हणे, काऊन रडून राह्यली? मंग मी सांगून टाकलं. सारं. बस कोणाची, झेंडा कोणाचा, बहिणीकडे गेलीच नव्हती.

यायनं तोंड काठाकडे फिरवलं. मी म्हणलं, गेला आपला संसार. उतरल्यावर बाकड्यावर बसले आन् म्हणे, गेली त्याचं राहू दे. पण एवढं पाहून आली आन् मले एक शब्द नाही? मी का एवढा वाईट हाय? म्हणलं, तुमी वाईट नाही, पेपर लय मोठ्यानं वाचता. मंग हे म्हणे, भाषणात काय म्हणे तो नेता? म्हणलं, ऐकलंच नाही, शेंगा खात होती. तसे हे असे हासले का बोटवाला वळून पाहे. म्हणे, म्हणूनच पडला तो! मंग इचारत बसले, घाटात काय दिसलं, गोदावरीले पाणी किती होतं, आन् मी बोलत राह्यली, बोलत राह्यली.

त्या दिवसापासून पेपर वाचून झाला की म्हणतात, तुले काय वाटते, सांग. पहिले मले काही वाटतच नव्हतं, आता लय वाटते. आमचं जमत नाही कधी कधी. मतदानाले दोघं एकाच फटफटीवर जातो, कोणाले दिलं थे ना हे इचारत, ना मी सांगत. मांगच्या खेपेले शाई लावून निघालो तं गाडी घराकडे वळेच ना. म्हणलं, कुठं? म्हणे, पुलावर जाऊ, नदी पाहू, आज सुट्टी हाय. असा माणूस भेटला, भाऊ, अजून काय पाह्यजे? सगळ्यायले भेटो.