अध्यक्षबाईंचा फोटो

सपना : दादा, थांबा थांबा! ही काळी चौकट कशाला? आणि खाली दिवा? भीमजयंतीचा फ्लेक्स आहे आमचा, कोणी मेलं नाही!

भागवत : अगं व्हय की. चुकलं. बाईचा एकटीचा फोटो आला की हात आपसूक श्रद्धांजलीच्या फाईलवर जातो. सात वर्षं झाली हे दुकान टाकून, दुसऱ्या कशाला बाईचा एवढा मोठा फोटो छापलाच न्हाई.

सपना : वाढदिवसाला पण नाही?

भागवत : वाढदिवस दादा-भाऊंचे असतात.

सपना : आणि सरपंच? वारंग्याच्या आजूबाजूला किती तरी बाया सरपंच आहेत!

भागवत : फोटो मालकाचा असतो, नवऱ्याचा. पण नाव असतंय ना बाईचं, खाली, बारीक.

सपना : आत्या, ऐकलंस? फ्लेक्सवर यायचं तर आधी मरावं लागतंय म्हणे!

पंचफुला : मग तू काहून घाई करून राहिली? बस गुमान.

सपना : गुमान बसायला शाळा बुडवून आले का मी? दादा, चौकट काढा आणि लिहा. एकदम ठळक. ‘महिला जयंती समिती’. वस्तीत पहिल्यांदा सगळी समिती बायांची आहे, माहितेय? खाली अध्यक्ष, पंचफुलाबाई. आणि फोटो मधोमध, असा, की ड्रायव्हरनं ब्रेकच मारला पाहिजे.

भागवत : आणि हे अकरा फोटो? तुमच्या वस्तीतल्या सटवाजीकाकांनी मोबाइलवर पाठवलेत. ‘मार्गदर्शक’ म्हणून टाका म्हणले.

सपना : समितीत बाया सात आणि मार्गदर्शक अकरा? राहू द्या त्यांना मोबाइलमध्येच, सावलीत.

भागवत : माझ्यावर चिडतील ना ते.

सपना : माझं नाव सांगा. सपना, नववी ब.

भागवत : बराबर. हे घे, गेली चौकट. आता मावशीचं तोंड जरा उजळ करतो. मावशी, लय बदलल्या तुमी. फोटोत गाल कसे भरलेले हायत.

सपना : बघू जवळून... दादा, ही कोण?

भागवत : कोण म्हणजे? अध्यक्ष. मावशीनंच पिशवीतून काढून दिला फोटो.

सपना : ही आत्या नाहीच! हे नाक बघा आणि ते नाक बघा. आत्या? आत्या, बोल ना. कोणाचा फोटो दिलास?

पंचफुला : माझ्याजवळ हाच हाय.

सपना : पण तू कुठंय यात?

पंचफुला : तिच्या खांद्यावर हात दिसतो का? फाटल्याल्या कडंला? तो माझा.

भागवत : अर्रर्र. तो मी उडवणार होतो. म्हणलं कडेचा कचरा हाय.

पंचफुला : ठिव बाबा तसाच.

सपना : आणि ही?

पंचफुला : अनुसया. तुला न्हाई आठवायची, तू तवा मांडीवर होतीस तिच्या. गावातलं दारूचं दुकान बंद केलं ना, त्या सालातली गोष्ट.

सपना : आडवी बाटली! शाळेत शिकवलंय बाईंनी. निम्म्याहून जास्त बायांनी आडव्या बाटलीला मत दिलं की दुकान बंद. पण आपल्या गावचं कोणी केलं, ते नाही सांगितलं.

पंचफुला : कोण सांगंल? दोघींनी केलं. घरोघर फिरून सह्या घेतल्या, अंगठे घेतले. मला लोक नुसते हसायचे. तिला शिव्या होत्या. तिचा मालक त्याच दुकानात कामाला ना. घरात मार खायची अन् सकाळी माझ्या दारात उभी. ‘चल वं पंचे, आज तांड्यावर जाऊ.’

सपना : तांड्यावरच्या बायांनी पण दिलं मत?

पंचफुला : ओळीनं! मत मोजलं, दुकान बंद झालं, पेपरवाला आला. हार पडले सटवाजीच्या गळ्यात. बाकीचे गडी बाजूनं उभे. आमी दोघी पायरीवर भाकर खाऊन राहिलो होतो. फोटोवाल्यानं जाता जाता आमचा एक काढला. पेपरात न्हाई आला. अनुसया कळमनुरीला गेली, त्याच्या दुकानाम्होरं बसून राहिली. तवा त्यानं एक देला. एकच.

सपना : मग तो फाडला कोणी? तिच्या नवऱ्यानं?

पंचफुला : आमी. नवऱ्यानं आठ दिवसांत बिऱ्हाड उचललं. कुठंतरी वीटभट्टीवर, गावाचं नाव बी सांगितलं न्हाई. निघताना हापशावर आली. हंडा होता हातात, पण पाणी भरलं न्हाई. फोटो मधून फाडला. तिनं माझा घेतला, मला तिचा देला.

भागवत : मावशी, समदं खरं. पण अध्यक्ष तुमी, नाव तुमचं, अन् तोंड दुसरीचं?

पंचफुला : मला कोणाला दाखवायचंय तोंड? हिवाळ्यात वस्तीतला सुदाम सांगत होता, नांदेडच्या गाडीत बसलेली दिसली म्हणे ती. गाडी इथं फाट्यावर थांबली, तिनं खिडकीतून पाहिलं, उतरली न्हाई. कशाला उतरंल? तिला वाटत असंल, सगळे विसरले. फाट्यावर एवढं मोठं आपलंच तोंड दिसलं, तर उतरंल का न्हाई?

सपना : आत्या...

भागवत : अन् तिच्या मालकानं पाहिलं मग? बाईला विचारल्याबिगर फ्लेक्सवर टाकायचं म्हणजे... मला काय व्हायचं ते होऊ द्या. तकलीफ तिला होईल.

पंचफुला : ...व्हय. ते न्हाई आलं माझ्या डोक्यात. मारंल तो. काढ बाबा, काढ तिला. दे इकडं फोटो.

सपना : मग तुझाच लावू! मी कवापासून तेच म्हणतेय.

पंचफुला : माझं काय पाहंल ती? डोस्कं पांढरं झालं, म्होरचे दोन दात गेले. मला आता कोण वळखतंय.

सपना : आत्या, बारा वर्षं ती कोणाचा फोटो जवळ घेऊन फिरतेय?

पंचफुला : पाण्याबिण्यात गेला असंल.

सपना : तुझा गेला का?

पंचफुला : मी तर पिशवीत... न्हाई. न्हाई गेला.

सपना : मग? तिला स्वतःचं तोंड आठवत नसंल एकवेळ. तुझं पाठ असंल! दात मोजत बसणार आहे का ती?

भागवत : पोरगी बराबर बोलून राहिली, मावशी. आधार कार्ड हाय का? त्यावरचा घेतो.

सपना : नको! त्यात आत्या कोंबडी चोरल्यासारखी दिसते. इथंच काढू आत्ता. पण ही बसतच नाही, दादा. मी मोबाइल काढला की भांडी घासायला पळते. आमच्या शीतलच्या लग्नात सातशे फोटो आहेत, हिचा एक नाही!

पंचफुला : कशी बसू? फोटो फाडला तवा म्हणलो होतो दोघी, आता पुढचा काढायचा तर संगच काढायचा. ती आल्याबिगर बसले, तर म्या मानल्यासारखं होईल ना.

सपना : काय मानल्यासारखं?

पंचफुला : की ती येत न्हाई.

भागवत : मावशी, पाणी घ्या.

सपना : आत्या, ऐक. मधोमध नको. फ्लेक्सवर तू एका बाजूला ये आणि शेजारची जागा रिकामी ठेवू. तिची.

भागवत : रिकामी? फ्लेक्सवर कोणी रिकामी जागा ठेवतंय व्हय? लोक म्हणतील भागवतचं काम अर्धवट. तेवढ्या जागेत अकरा मार्गदर्शक बसतात.

सपना : म्हणू द्या! विचारायला आले की मी सांगते कोणाची जागा ती. माइक पण आहे जयंतीला, माइकवरून सांगते.

पंचफुला : तिचं नाव नको घेऊ माइकवर.

सपना : नाही घेत. नुसतं सांगते, एक बाई यायची आहे.

पंचफुला : ...कुठं बसू?

भागवत : या स्टुलावर. हां. हात मांडीवर ठेवा.

पंचफुला : पदर डोक्यावर घेऊ का?

सपना : तेव्हा पायरीवर कसा होता?

पंचफुला : कमरंला खोचलेला.

सपना : मग तसाच खोच. सरळ बस. भारी दिसतेस, शप्पथ!

पंचफुला : चल, गप.

भागवत : मावशी, हसू नका म्हणत न्हाई मी, पण हलू नका. अन् इकडं पाहा, कॅमेऱ्यात. रस्त्याकडं न्हाई.

पंचफुला : थांब जरासं, बाबा. नांदेडची गाडी लागलीय. लोकं उतरून राहिले.