बिनगॅसचं गोड

सिन्नरच्या बसची वाट बघत मृणाल तान्ह्या मुलीला मांडीवर घेऊन स्टँडच्या बाकावर बसली होती. शेजारी एक आई आणि नुकतीच सिन्नरहून आलेली तिची लेक. लेकीच्या हातात स्टीलचा डबा, पायाशी बॅग.

"उद्या पाडवा, म्हणून गोड आणलंय. खाली बिस्किटांचा चुरा, वर श्रीखंड, परत चुरा, परत श्रीखंड. गॅसच लागत नाही."

"हे कुठलं नवीन खूळ, प्रणू?"

"बिनगॅसचं होतं तेवढंच करते. बाहेर जाताना सासूबाई रेग्युलेटर काढून कपाटात ठेवतात."

"अगंबाई! का?"

"वेगळं राहू, असं यांना म्हटलं ना मी. 'वेगळी चूल हवी, तर या चुलीला हात लावू नको,' म्हणाल्या."

"आणि जावई?"

"ते बाहेरून जेवून येतात."

"होईल गं हळूहळू नीट."

"आई, घरी चल ना. इथं स्टँडवरच का बसवलंस?"

"घरी तुझ्या वहिनीच्या माहेरचे आलेत. सणाच्या तोंडावर बॅग घेऊन आलेली लेक बघून काय म्हणतील?"

"सांग, गोड द्यायला आली."

"ते सांगते मी. डबा दे इकडे."

"आणि मी?"

"ती बघ, सिन्नरची गाडी लागली. खिडकी मिळेल, पळ."

प्रणू बॅग उचलून चढली. मृणाल उठायचंच विसरली. आई डबा दोन्ही हातांत धरून खिडकीखाली आली.

"प्रणू, रिक्षात हा तिरका झाला, तर थर नाही ना गं मोडायचे?"