रिकाम्या खोलीचा फोटो

— नाही हो नीरजाताई, तुमच्या भिंतीत खोट काढत नाहीये मी. केलंय सुरेखच, आमच्या रत्नागिरीत कोण आणतं असलं काही — माणूस समोर हलला की भिंतीवरचे उजेडाचे मासे त्याच्याकडे पोहत येतात, हात फिरवला की घोळकाच्या घोळका फिरतो, वर पाण्याचा आवाज — सासूबाई तर म्हणाल्या, एवढे मासे नि तळायला एक नाय. पण मला एवढंच सांगा, सगळ्यांकडे येतात ना ते? मघाशी दारातून मांजर गेलं, त्याच्याही मागे गेले. मग माझ्या मुलीकडे का नाही येत? केव्हाची बसलीय ती मधोमध. सानवी. तीन पूर्ण झाली परवा.

हाक मारून नाही उपयोग. म्हणजे — ऐकू येतं तिला, कुकरच्या शिट्टीला कान झाकते की. हाकेलाच तेवढी वळत नाही. सासूबाई म्हणतात, हिचा बाबा, विनीत पण अस्साच गप होता, आज जयगडला बंदरावर क्रेन चालवतो. मी एम.एस्सी. झालेली बाई, आणि मलाही ते पटवून घ्यायला आवडतं, काय करणार. सोमवारी चिपळूणच्या डॉक्टरांकडे जायचंय — मीच पुढे ढकलत आले. एकदा खोकला झालाय म्हणून सांगितलं. खोकलाबिकला काही नव्हता. हे तुम्हाला कशाला सांगतेय मी? मला वाटलं होतं, इथे बोलावं लागत नाही, कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, नुसतं हललं तरी पुरे — तेवढं तरी —

काय दाखवताय? कुठला फोटो? हो, मघाशी लाईट जाऊन आली, तेव्हा तुम्हीच म्हणालात ना, सगळे बाहेर व्हा, रिकाम्या खोलीचा फोटो घ्यायचाय — म्हणजे कॅमेऱ्याला कळतं, ही जमीन, ही भिंत, आणि नंतर जे जास्तीचं दिसेल ते माणूस. झालो की आम्ही बाहेर. हिला नाही उचललं, खरंय — बसल्या जागेवरून उचलली की किंचाळते, मग सगळे माझ्याकडे बघतात. अंधारात कुणाला दिसतेय, म्हटलं, राहू दे. अगोबाई. हे गाठोडं म्हणजे सानवी? म्हणजे तुमचं मशीन तिला जमीनच समजतंय, केव्हापासून?

थांबा, हसू द्या मला जरा. विनीतला फोन करून रडले हो मी मघाशी. आणि ही जमीन.

पण ताई, तिने हात उचलला असता तर — वर उचललेला हात तर फोटोत नव्हता — तो दिसलाच असता ना? नुसती मान वळवली असती तरी? नाही, नका सांगू. कळतं मला. शाळेत विज्ञानच शिकवत होते मी.

नको. नवीन फोटो नको. दोन मिनिटांचं काम आहे, माहितेय. उचलेनही मी तिला, रडली तर रडली. पण मग परत तिला तिथे ठेवायचं, आणि मशीन बरोबर असणार, मासे येणार तिच्याकडे, आणि ही वळते का ते आपण दोघी बघत राहणार. आत्ता निदान घरी सांगता येईल, बिघडलं होतं म्हणून. सोमवारपर्यंत पुरेल तेवढं. तुमचा चांगुलपणा आहे, पण — मिटा तो लॅपटॉप. बाहेर शाळेची पोरं ताटकळलीयेत, घ्या त्यांना आत. आमची ही कुणाच्या मध्ये यायची नाही.