दोघांचा मिळून एक गेम

समीक्षा आणि तिचा धाकटा भाऊ स्वराज पुन्हा बोलू लागले, तर धनेशला फायदा एकच होता: बायको आणि मेहुणा यांच्यामधल्या निरोप्याच्या कामातून सुटका. म्हणून नेरळला मिनी ट्रेनच्या तिकिटाच्या रांगेत त्यानं खिशातून त्यांच्या लहानपणीचा व्हिडिओ गेम काढला.

"चालू केला! समीक्षा, तुझ्या गेममधला पडदा, स्वराजच्या गेममधलं सर्किट. दोन बंद गेमचा एक झाला."

"मग हा कुणाचा? पडदा माझा आहे, सांगा त्याला."

"भावजी, तिला सांगा, सर्किटबिगर पडदा नुसती काच हाय."

"अरे, दोघं मिळून खेळा ना!"

"तिच्यासंगं? नाय!"

"अहो, मला न विचारता माझा गेम उघडलात कसा?"

"बरं, ज्याचं त्याला परत बसवतो. पण दोन्ही बंद पडतील."

"पडू देत!" दोघं एकदमच म्हणाले.

धनेश गोंधळून एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघू लागला.

"ताई, हे उद्योग सांगितले कुणी यांना?"

"तेच म्हणते रं मी! आपल्या गेमला कधी कुणाला हात लावू दिला होता आपण?"

"कधीच नाय. चल, खिडकी आली. तुझं तिकीट मी काढतो."

"आणि ह्यांचं?"

"भावजी, सुट्टे हायत ना?"

स्वराजनं दोन तिकिटं काढली. तिसऱ्याचे पैसे धनेशनं भरले.