यांच्यामागचा नंबर

दातांच्या दवाखान्यात माझ्यासमोर गाल सुजलेले एक गृहस्थ बसले होते आणि शेजारी त्यांची वहिनी.

"भाऊजी, पहिले आलो आपण. मग आत का घेत नाहीत?"

"वहिनी, हळू. मला एचआयव्ही आहे ना, म्हणून शेवटी घेणार."

"का? तुमचा दात काय शेवटी दुखतो? अहो सिस्टर, असं मागे ठेवणं कायद्यात बसत नाही हं! वकिलांना विचारलंय मी."

"बाई, यांच्यानंतर हत्यारं दोनदा उकळावी लागतात."

"आणि बाकीच्यांनंतर?"

"एकदा."

कोपऱ्यातले आजोबा तोंडातली कवळी सावरत उठले.

"सिस्टर, माझा नंबर यांच्यामागे लावा."

"आजोबा, तुमचा तर आत्ता आहे!"

"नको. मला दोनदा उकळलेलं हवंय."

"मलाही यांच्यामागेच," दारापाशी बसलेली बाई म्हणाली.

"अहो, सगळेच यांच्यामागे कसे जाणार?"

"सोपं आहे," आजोबा म्हणाले. "यांना आधी घ्या!"

सिस्टरने दार उघडलं.

"चला भाऊजी, जिंकलो आपण! उठा. आता काय झालं?"

"वहिनी, आजोबांना आधी जाऊ द्या ना. सुई फार मोठी असते म्हणे."