माप चालू आहे

टेलरबाई : टेकडी? कुठली टेकडी?

मुलगी : ती… मागची. टेकडीवरच्या कॉलेजात शिकते मी, काकू. इथलीच आहे. या बाटल्या विकून फी भरते. कापडावर कसलाही डाग असू दे, दोन थेंब टाकले की—

टेलरबाई : अगं, आमचं गाव ताटासारखं सपाट आहे. टेकडी बघायची तर बसने जावं लागतं.

मुलगी : ते मागच्या गावातलं वाक्य. चुकून तोंडात आलं. प्लीज, सरांना सांगू नका.

टेलरबाई : कोण सर? आणि आधी बस बघू.

मुलगी : आमच्या सेल्स टीमचे. बसायचं नाही आम्हाला. एका गल्लीला वीस मिनिटं. गाडी कोपऱ्यावर उभी असते.

टेलरबाई : तीस वर्षं शिवतेय मी. हा कुर्ता तुझ्याच मापाने शिवलाय आणि आता दोन्हीकडून पिना लावल्यात. किती दिवसांत वाळलीस एवढी?

मुलगी : चार महिने झाले. सकाळी सातला सोडतात, अंधार पडला की उचलतात. मग रात्रभर गाडीत, पुढच्या गावाला. परवा ड्रायव्हरला डुलकी लागली, गाडी कठड्याला घासली. सर हसले. म्हणाले, आपली टीम नशीबवान!

टेलरबाई : आणि कुणीही बोलावलं की तू अशी आत जातेस? एकटी?

मुलगी : जायचंच, असा नियम आहे. आत गेलं की माल खपतो.

टेलरबाई : आत कोण बसलंय ते न बघता?

मुलगी : आमच्यात एक बुटकी होती. एका घरात तिथल्या माणसानं आतून कडी लावली. तिनं खिडकीतून उडी मारली, हात मोडला. सर म्हणाले, नाटकं करते. तिला पेट्रोल पंपावर उतरवलं आणि आम्ही निघालो. मी पण बसून राहिले गाडीत, काकू.

टेलरबाई : मग अजून का आहेस तिथे?

मुलगी : फोन, ओळखपत्र, सगळं सरांकडे. आणि घरी कुठल्या तोंडानं जाऊ? आईला म्हटलं होतं, तुझ्यासारखी चार भिंतींत कुजणार नाही मी. ती म्हणाली, गेलीस तर परत येऊ नकोस.

टेलरबाई : आया रागात काय वाट्टेल ते बोलतात. मीही बोललेय.

(दारावर थाप पडते.)

सर : नमस्कार ताई! आमची चॅम्पियन आत आहे ना?

टेलरबाई : आहे. माप चालू आहे.

सर : माप? ती माल विकायला आलीय.

टेलरबाई : आणि मी शिवायला बसलेय. कुर्ता काढून ठेवलाय तिनं. दाराला हात लावाल तर खबरदार!

सर : बरं, बरं. पाच मिनिटं.

टेलरबाई : हळू बोल. मी कात्री चालवत राहते, ऐकू दे त्याला. आईचा नंबर पाठ आहे?

मुलगी : आहे. पण ते दार तोडतील.

टेलरबाई : अख्ख्या गल्लीचे कपडे शिवते मी. एक हाक मारली तर त्याला पळता भुई थोडी होईल.

सर : ताई, ती स्वतःच्या मर्जीनं आलीय. सही आहे तिची. चॅम्पियन, सांग त्यांना! आपण एक कुटुंब आहोत ना?

टेलरबाई : सांग पोरी. तुझ्या वतीनं मी नाही बोलणार.

मुलगी : सर… मी येत नाही.

सर : काय? ओळखपत्राशिवाय कोण दारात उभं करेल तुला?

मुलगी : येत नाही म्हटलं ना! जा तुम्ही!

टेलरबाई : ऐकलंत? गाडी दारात आणलीत ते बरं केलंत. खिडकीतून नंबर बघून खडूनं कापडावर लिहून घेतलाय. तिची बॅग पायरीवर ठेवा, ओळखपत्रासकट. नाहीतर आत्ता हाक मारते.

सर : पस्तावशील, चॅम्पियन.

मुलगी : गेले?

टेलरबाई : गेले. बॅग आपटली, पण ठेवली. ओळखपत्र आहे, फोन नाही.

मुलगी : गाडीत अजून चौघं आहेत, काकू.

टेलरबाई : नंबर आहे आपल्याकडे. पोलिसांकडे जाऊच, मी येते बरोबर. आधी हा माझा फोन घे, आईला लाव.

मुलगी : तिनं उचललाच नाही तर?

टेलरबाई : मग पुन्हा लाव.

मुलगी : वाजतोय… हॅलो? नाही नाही, ठेवू नकोस, काही विकायचं नाहीये. आई, मी बोलतेय.