नऊ तारीख, पण कुठल्या महिन्याची?

हॅलो?... हो ताई, मीच. बोल... छे गं, झोपतेय कुठली. शुक्रवार असला तरी यज्ञेशला शिफ्ट आहे, आत्ताच कंपनीची बस गेली...

नवरा कामावर गेल्यावर सौदीतल्या जुबैलच्या फ्लॅटमध्ये सुनेत्रा कानाला फोन लावून लॅपटॉपसमोर बसली होती. पडद्यावर एका अमेरिकन जनरलचं पत्र होतं, त्यांच्या यादवी युद्धातलं, इतकं मोठं केलेलं की एकेक अक्षर भाकरीएवढं दिसत होतं.

केक? केक कशाला सांगितलास?... माझी मीटिंग बघायला अख्ख्या रियाधच्या बायका बोलावल्यास? ताई, रद्द कर... हो, रद्द! ऐक ना... अगं, ऐक तरी. ते सर्टिफिकेट मी घेणार नाहीये.

डोकं ठिकाणावर आहे माझं... हो, तीच अमेरिकेतली लायब्ररी. जुन्या जनरल लोकांची पत्रं नेटवर टाकतात, आम्ही घरबसल्या वाचून टाइप करतो... फुकट, हो, ते सोड! त्यातलं एक पत्र मी चुकीचं वाचलंय.

एकच शब्द... 'एकच ना' काय? ऐक. एक शिपाई, वीस वर्षांचा. रजा न घेता आजारी आईला भेटायला गेला, पकडला गेला. शिक्षा काय, तर गोळी. आईनं पत्र लिहून जनरलकडे दयेची भीक मागितली. सात नोव्हेंबरला पोराला मारलं, आणि वीस नोव्हेंबरला हा जनरल तिला लिहितो, 'तुमचं नऊ तारखेचं पत्र मिळालं'... हां. पण नऊच्या पुढे एक बारीक शब्द आहे, शाई उडालेली. मी ठोकून दिलं 'इन्स्टंट'... अगं, बाबांचा इन्स्टंट!

नाशिकला कचेरीत हेडक्लार्क असलेले बाबा दर रविवारी दोघी बहिणींना इंग्रजी पत्रांचं डिक्टेशन द्यायचे. तारखेमागे 'इन्स्टंट' आलं की चालू महिना, 'अल्टिमो' आलं की मागचा. पण बाबा कामाला इतके चोख, की आलेलं पत्र पुढच्या महिन्यावर ढकलणं त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यामुळे सुनेत्राच्या हाताला वळण लागलं ते इन्स्टंटचंच.

बरोब्बर! अल्टिमो आहे ते. आज मोठं करून पाहिलं, मधला 'एल' स्वच्छ दिसतोय. नऊ ऑक्टोबर, ताई!... हो ना. पोरगा जिवंत होता तेव्हा. चांगला महिनाभर... आणि माझ्या भरवशावर त्यांनी खाली टीप टाकलीय, 'आईचे पत्र उशिरा आले.' सहा महिने जगभर लोक हेच वाचताहेत.

कुणाला कळणार? मला कळलंय ना!... मान्य, ती बाई जाऊन शंभर वर्षं झाली असतील. म्हणून तिच्यावर हा आळ राहू देऊ?... हो, नाव कमी करतील. तपासनीस म्हणून घेणार होते, तेही जाईल. जाऊ दे... रडत नाहीये मी, चिडलेय.

चिडली होती हे खरंच, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर.

सर्टिफिकेट घेऊन मग सांगू? ताई, ते याच पत्रासाठी देताहेत!... हो, याच. सगळ्यांत अवघड हस्ताक्षर वाचलं म्हणून. पाचला मीटिंग आहे, चार मिनिटं राहिलीत... बाबांचं नाव मधे आणू नकोस. बाबा असते तर आधी कान पिळला असता आणि मग समोर बसवून दुरुस्ती लिहून घेतली असती... नाही. नाही म्हटलं ना! खलास, ठरलं माझं... अगं, केकवरचं नाव पुसता येतं, त्यात काय...

पलीकडे ताईचं चालूच होतं. सुनेत्राने जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. थोरल्या बहिणीचा फोन मधेच कापला.

पाच वाजता तिने कॅमेरा सुरू केला. पडद्यावर हसरे अमेरिकन चेहरे एकेक करून उगवले, आणि त्यातलं कुणी अभिनंदन म्हणायच्या आत तिने हात वर केला.